भिंतीकडची जागा

आमच्या गावात शाळा उघडते ती मुलांसाठी नाही, बाकांसाठी. पहिल्या दिवशी जो ज्या बाकावर बसला, तो बाक वर्षभर त्याचा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. मास्तरसुद्धा त्यात पडत नाहीत. म्हणून त्या दिवशी पहाटेच्या अजानीलाच आया फाटकाशी जमतात, फाटक उघडेना झालं की पोरांना भिंतीवरून आत लोटतात, आणि पहिल्या बाकाला ओढणी बांधून त्यावर फतकल मारून बसतात. त्यात कुणाचे केस ओढले जातात, कुणाची चप्पल कालव्यात जाते. बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत बापडे, त्यांची पोरं मागच्या बाकावर बसतात.

आणि या कामात इन्शिराहचा हात धरणारी बाई अख्ख्या गावात नव्हती. तिची मुलगी रीहाम पहिलीपासून नववीपर्यंत एकाच जागी बसली: फळ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताची भिंत, त्या भिंतीला चिकटलेला पहिला बाक. त्यासाठी इन्शिराहने बायकांशी भांडणं केली, एका वर्षी तर सुजलेला गुडघा घेऊन भिंत चढली. कारण तसंच होतं. रीहाम चार वर्षांची असताना तिला गालगुंड झालं, ताप डोक्यात गेला आणि डावा कान गेला तो गेलाच. तंता शहरातल्या मोठ्या डॉक्टरने हात वर केले. तेव्हापासून इन्शिराहचा हिशोब सरळ होता: मेलेला कान भिंतीकडे, जिता कान वर्गाकडे.

पण आता पोरगी दहावीला हायस्कुलात चालली होती.

"आई, तू येणार नाहीयेस," रीहाम आदल्या दिवशी म्हणाली. इन्शिराह जुनी ओढणी ओढून बघत होती, गाठ टिकेल का म्हणून.

"का गं बाई? मी काय घाण करते?"

"हायस्कूल आहे ते! तिथे कोणाची आई येते? सगळ्या हसतील."

"हसू देत. हसणारीला ऐकू येतं दोन्ही कानांनी, तिला काय जातंय हसायला?"

"हेच! हेच नको मला!" रीहाम ओरडली. उठली, खिडकीशी गेली, परत आली. तिला एका जागी बसवतच नव्हतं. जुन्या शाळेत तिला सगळ्या 'बहिरट' म्हणायच्या, प्रेमाने म्हणायच्या तरी बहिरटच. त्यातल्या बहुतेक जणी कमी मार्कांमुळे शिवण आणि टायपिंगच्या शाळेत गेल्या होत्या. कालव्यापलीकडच्या मुलींच्या हायस्कुलात तिला ओळखणारं कुणीही नव्हतं. डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाखाली कोणता कान जिता नि कोणता मेला, कुणाच्या बापाला कळणार होतं? आणि ही आई पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून सगळ्या जगाला सांगणार. सांगणारच! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"तिथे उंचीप्रमाणे बसवतात," रीहामने ठोकून दिलं. "बाई बसवतात. आधी जाऊन काही उपयोग नाही."

"खरं?"

"खरं."

इन्शिराहने ओढणीची घडी घातली. "तू उंच नाहीस, तेवढं बरंय," ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता.

रीहाम दुसऱ्या दिवशी घंटेच्या जरा आधी पोचली, शहाण्या मुलीसारखी. आणि फाटकातच थबकली. आया होत्या. मुलींपेक्षा आया जास्त होत्या. कोणती मुलगी कोणत्या तुकडीत, हे फलकावर सकाळीच लागणार होतं, त्यामुळे बायकांनी प्रत्येक वर्गात एकेक बाक अडवून ठेवला होता आणि आता व्हरांड्यात बाजार भरला होता: "तुझी चौथीत का? माझ्याकडे चौथीतला दुसरा बाक आहे, दुसरीतला पहिला दे, घे!" उंचीप्रमाणे म्हणे. रीहामला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

तिची चौथी तुकडी निघाली. धावत गेली तर वर्ग भरलेला. डावीकडच्या भिंतीचा पहिला बाक मात्र अर्धा रिकामा होता! भिंतीकडची जागा मोकळी, आणि बाहेरच्या बाजूला एक आडव्या अंगाची, लाल गालांची मुलगी बसलेली.

"इथे बसू?"

"नाही." मुलीने बोट दाखवलं. बाकाच्या पाठीला लाल ओढणी बांधलेली होती, दोन-दोन गाठी मारून. "इंजीची जागा आहे. तिला चुकून दुसऱ्या तुकडीत टाकलंय. ऑफिसात सांगितलंय, आज-उद्या येईल इकडे."

"ती येईपर्यंत बसते."

"ऐकू येत नाही का तुला? इंजीची जागा आहे म्हटलं ना."

रीहामच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती मागे गेली. उरली होती फक्त शेवटच्या बाकावरची उजव्या कोपऱ्यातली जागा, खिडकीला लागून. म्हणजे जिता कान खिडकीकडे आणि अख्खा वर्ग, फळा, बाई, सगळंच्या सगळं मेल्या कानाकडे. खिडकीखाली मायक्रोबसचा थांबा. दिवसभर पोऱ्ये "तंता, तंता, तंता!" ओरडायचे, ते मात्र स्वच्छ ऐकू यायचं.

"काय, मिळाली का पुढची जागा?" संध्याकाळी आईने दारातच विचारलं.

"पहिला बाक. भिंतीला लागून," रीहाम म्हणाली. खोटं बोलायला सुरुवात केली की माणसाला उतारच लागतो. इन्शिराहने आनंदाने दोन्ही तळहात ओवाळून तिच्या कपाळावर ठेवले आणि शेजारणीला हाक मारून मारून सांगितलं.

मग सुरू झाली ती वळवळ. रीहाम वर्गात मान डावीकडे वळवून, जवळजवळ पाठ खिडकीला लावून बसायची, जिता कान पुढे यावा म्हणून. बाई म्हणायच्या, "सरळ बस." सरळ बसलं की आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. पुन्हा वळायची. टाच जमिनीवर आपटत राहायची. गणिताच्या बाई लिहिता लिहिता फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, म्हणजे ओठही दिसायचे नाहीत. आणि ओठ हा रीहामचा तिसरा कान होता. गोंगाटात एका कानाचा उपयोग शून्य, म्हणून लहानपणापासून ती लोकांची तोंडं वाचायला शिकली होती, आपोआप, कुणी न शिकवता.

बाकावरची शेजारीण इरीनी डावीकडून काहीबाही बोलायची, पेन्सिल मागायची, विनोद सांगायची. रीहामला पत्ताच नसायचा. इरीनीने थोडे दिवस वाट पाहिली आणि मग जाहीर करून टाकलं की ही राजकन्या आहे, आपल्यासारख्यांशी बोलत नाही. झालं. 'राजकन्या' वर्गभर झाली. गणिताच्या बाईंनी एकदा नाव घेतलं, पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा डस्टर टेबलावर आपटला तेव्हा कुठे रीहाम दचकून उठली.

"राजकन्येची झोप झाली का?" बाई म्हणाल्या. वर्ग खिदळला.

सांगून टाकलं असतं तर? एक वाक्य तर होतं. रोज सकाळी कालव्यावरचा पूल ओलांडताना ती ते वाक्य तोंडात घोळवायची आणि फाटकात गिळून टाकायची. बहिरट होण्यापेक्षा राजकन्या बरी. पण पहिली चाचणी जवळ येत होती, वहीत निम्मी वाक्यं अर्धी होती, आणि समोर ती जागा रोज रिकामी दिसत होती. रोज! लाल ओढणी बांधलेली, तिथे कुणी बसत नव्हतं, कुणाला बसू देत नव्हते. रीहामला त्या ओढणीचा इतका राग यायचा की हात शिवशिवायचे.

त्या आडव्या मुलीचं नाव दौलत. आजीचं नाव ठेवलेलं, खाटकाची मुलगी, आवाज असा की मायक्रोबसचे पोऱ्येही गप्प व्हावेत. ती पहाटे स्वतः भिंत चढून आली होती, आईला न आणता, आणि हे ती सगळ्यांना सांगायची. मधल्या सुट्टीत दोन भाकऱ्या घेऊन जिन्यापाशी उभी राहायची. एक स्वतःची, एक इंजीची. दोघी जुन्या शाळेत एका बाकावर होत्या म्हणे, बालवाडीपासून.

एके दिवशी रीहाम अंगणात टाकीच्या कट्ट्यावर बसली होती. जिन्यावरून दुसऱ्या तुकडीच्या मुली उतरत होत्या, मधोमध इंजी, नाजूक, नवी बॅग, नव्या मैत्रिणी. खाली दौलत हात उंच करून भाकरी दाखवत होती. एवढ्या कोलाहलात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. पण रीहामला इंजीचे ओठ दिसले.

"आली बघ ती चिकटू," इंजी मैत्रिणीला म्हणत होती. "तिला वाटतंय मी तुकडी बदलून घेणार. मी ऑफिसात गेलेच नाहीये. चला, मागच्या दाराने जाऊ."

आणि त्या मागे वळून वर गेल्या. दौलत बराच वेळ हात वर करून उभी होती.

रीहाम कट्ट्यावरून उठली ती थेट दौलतकडे निघाली. तोंडात वाक्य तयार होतं: तुझी इंजी येणार नाही, ती तुला चिकटू म्हणते, सोड ती ओढणी. एवढं म्हटलं की काम झालं. जागा आपली. दौलतजवळ पोचली, आणि दौलतने तिच्याकडे बघितलं, दोन्ही हातांत दोन भाकऱ्या.

"काय गं राजकन्या? काय पाहिजे?"

"काही नाही," रीहाम म्हणाली आणि पुढे चालती झाली. मग स्वतःवरच चिडली. काय ही आपली जीभ! स्वतःचं सांगायला वळत नाही, दुसऱ्याचं सांगायलाही वळत नाही. त्या दिवशी घरी तिने ताट ढकललं, भावाला विनाकारण धपाटा घातला, आणि सकाळी डबा ओट्यावर विसरून गेली.

तो डबा घेऊन इन्शिराह निघाली. डबा म्हणजे 'फूल', म्हणजे वालासारख्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ भरलेली भाकरी, वर लिंबाचं लोणचं. फाटकावरचे सब्रीकाका तिच्या माहेरच्या गल्लीतले, त्यामुळे अडवायचा प्रश्नच नव्हता. दोन तासांच्या मधली वेळ होती, बाई अजून आल्या नव्हत्या, वर्गात नुसता कल्ला. रीहामने दारात आईचा काळा झगा बघितला.

ती खाली वाकली. बुटाची नाडी बांधायचं सोंग करत पुढच्या मुलींच्या खांद्यांमधून बघत राहिली.

इन्शिराहने इकडेतिकडे बघितलंच नाही. बघायची गरज काय? ती सरळ डाव्या भिंतीच्या पहिल्या बाकापाशी गेली. भिंतीकडची जागा रिकामी बघून जरा थांबली, मग दौलतला काहीतरी विचारलं. आईचं तोंड वर्गाकडे होतं, दौलतची पाठ. आवाज पोचत नव्हता, पण आईचे ओठ रीहामला जन्मापासून पाठ होते.

"रीहाम कुठे गेली गं बाळ? इथली. तुझ्या शेजारची."

दौलतची पाठ हलली नाही.

"तूच बसतेस ना तिच्याशेजारी? बरं झालं, भेटलीस. मला तुझ्याशी बोलायचंच होतं." आई वाकली, दौलतच्या खांद्यावर हात ठेवला. नको, आई. नको. रीहामने बाकाची कड घट्ट धरली. "कुणाला सांगू नकोस हं. तिला सांगितलेलं आवडत नाही. तिचा डावा कान गेलाय लहानपणीच. भिंतीकडे बसते ती त्यासाठीच. तू अशीच उजवीकडून बोलत जा तिच्याशी. आणि कधी उत्तर दिलं नाही तर रागावू नकोस, गर्विष्ठ नाहीये गं माझी पोर. ऐकू येत नाही तिला."

एकेक शब्द रीहामने वाचला. सगळं संपलं. कालव्यात उडी टाकावी, तंत्याच्या मायक्रोबसमध्ये बसावं आणि परत येऊच नये, असं तिला झालं.

दौलतने मान वळवली. सावकाश, एकेक रांग करत, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. खांद्यांच्या फटीतून दोघींची नजर भिडली. रीहामने मान हलवली, नको म्हणून, की कृपा कर म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

दौलत पुन्हा पुढे वळली आणि आईला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली? ओठ दिसत नव्हते. फक्त आईचा चेहरा दिसत होता. रीहाम त्या चेहऱ्यावर डोळे लावून बसली. आधी आईच्या भुवया वर गेल्या. मग ती हसली, दौलतचा लाल गाल चिमटीत धरून हलवला, डबा बाकावर ठेवला आणि झग्याची टोकं सावरत निघून गेली.

मग दौलत उठली. डबा घेतला आणि मागे यायला निघाली. एवढं आडवं धूड हलल्यावर वर्ग बघणारच. आता ही तिच्या त्या आवाजात ओरडणार. बहिरट! संपलं नवं हायस्कूल.

दौलत शेवटच्या बाकापाशी आली, इरीनीला म्हणाली, "सरक," आणि ती सरकेपर्यंत थांबली नाही. पुढच्या बाकावर चढली, मुलींच्या वह्यांवरून पाय टाकत खिडकीच्या बाजूला आली, तिथल्या वीतभर जागेत कशीबशी घुसली आणि रीहामच्या उजव्या कानापाशी वाकली.

"तुझ्या आईला सांगितलं, तू लघवीला गेलीयस," ती म्हणाली. हळू बोलायची सवय नव्हती तिला, घसा खरवडल्यासारखा आवाज निघाला. "आणि आपण शेजारी बसतो म्हणून सांगितलं. आता मला खोटारडी पाडू नकोस. दप्तर उचल."

रीहामला पटकन उठताच येईना.

"कुठे चालली राजकन्या?" इरीनी म्हणाली.

"तुझी जागा मोकळी करतेय. पसर तंगड्या," दौलतने तिला परतवून लावलं. आणि पुढे जाता जाता सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या बाकावर मी कुणालाही बसवीन! कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं.

ओढणीची गाठ सुटेना. इतके दिवस रोज आवळून आवळून ती दगड झाली होती. दौलतने नखं लावली, मग सरळ दातांनी धरली. रीहाम दप्तर छातीशी घेऊन बघत होती. जी जागा रोज डोळ्यांनी खाल्ली ती आता समोर होती, आणि तिला आत शिरवत नव्हतं.

"इंजी आली तर?" तिने विचारलं.

दौलतचे दात गाठीवर थांबले.

"आली तर मी लगेच उठेन," रीहाम घाईने म्हणाली. "खरंच. तिची जागा आहे ती. मी ती येईपर्यंतच बसते."

"हं," दौलत म्हणाली. गाठ सुटली. तिने ओढणी गुंडाळून दप्तराच्या तळाशी कोंबली. "शिर आत."

रीहाम भिंतीला टेकून बसली. मेल्या कानाला थंडगार चुना लागला आणि दुसऱ्या कानात सगळा वर्ग एकदम भरला: बाकांची करकर, इरीनीचं हसू, व्हरांड्यातून येणाऱ्या बाईंच्या टाचा. तिची टाच आपटायची थांबली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही. डबा उघडून तिने भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा दौलतपुढे सरकवला. दौलतने तो घेतला, पण खाल्ला नाही. दाराकडे बघत राहिली.

"येणार नाही ती," दौलत म्हणाली, कुणाला न सांगितल्यासारखं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

रीहामच्या जित्या कानात शब्दन् शब्द पोचला. जन्मात कुणाचं बोलणं इतकं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं तिला. ती वळली, कपाळाला आठी घातली आणि रुमालावर हात नेला.

"काय म्हणालीस? मला नाही ऐकू आलं."

दौलतने तिच्याकडे बघितलं, मनगटाने नाक पुसलं आणि भाकरीचा मोठा घास घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "लोणचं दे."